पालक संघाविना खेळणारा संघ: मेक्सिको सिटीच्या कापितानेसची गोष्ट

अमेरिकेतल्या एनबीए या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगची दुय्यम स्पर्धा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जी लीगमध्ये 2024-25 च्या हंगामापासून 31 संघ खेळत आहेत. त्यांपैकी 30 संघांच्या पाठीशी एनबीएमधला एकेक संघ उभा आहे. तोच त्यांना खेळाडू पुरवतो, प्रशिक्षक नेमतो, बहुतेक ठिकाणी खर्चही उचलतो आणि तयार झालेला खेळाडू आपल्याकडे बोलावून घेतो. एकतिसाव्या संघाला असा पाठीराखा नाही. हा संघ मेक्सिको सिटीत राहतो, तिथल्याच मालकांच्या गुंतवणुकीवर चालतो आणि त्याचे नाव आहे कापितानेस दे सियुदाद दे मेहिको. इतर 30 संघ ज्या व्यवस्थेचा भाग म्हणून जन्माला आले, त्या व्यवस्थेत हा संघ बाहेरून आला आहे. त्यामुळे त्याचा इतिहास नुसत्या जय-पराजयाच्या नोंदींतून कळत नाही. त्यासाठी आधी ती व्यवस्था समजून घ्यावी लागते.

जी लीगची सुरुवात 2001 साली आठ संघांनिशी झाली. एनबीएच्या संघात जागा मोजक्याच असतात. नियमित कराराचे पंधरा खेळाडू आणि त्यांच्या जोडीला दुहेरी कराराचे दोन, आणि 2023-24 पासून तीन, एवढीच मुभा आहे. त्या पंधरांतलेही शेवटचे चार-पाच जण आठवडेच्या आठवडे बाकावर बसून काढतात. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून ठेवले, तर त्याचा खेळ वाढत नाही. म्हणून अशा मुलांना खऱ्या सामन्यांत उतरवता यावे, दुखापतीतून सावरणाऱ्याला अंदाज घेता यावा आणि अजून निवड न झालेल्यांवर नजर ठेवता यावी, यासाठी ही दुय्यम स्पर्धा उभी राहिली. 2017 मध्ये एका पेय-कंपनीच्या प्रायोजकत्वामुळे तिचे नाव जी लीग झाले. त्याच वर्षी दुहेरी कराराची पद्धत आली, म्हणजे एकच खेळाडू एनबीएच्या संघाचाही आणि त्याच्या संलग्न संघाचाही मानला जाऊ लागला.

या रचनेतली एक अट फार महत्त्वाची आहे. जी लीगमधल्या साध्या करारावर खेळणारा खेळाडू एनबीएच्या दृष्टीने मोकळा असतो. तो आज ज्या संघाकडून खेळतो, त्या संघाचा एनबीएतील पालक कोणीही असो, इतर कोणताही एनबीए संघ त्याला उद्या सकाळी बोलावू शकतो आणि स्थानिक संघाला त्याला अडवता येत नाही. बोलावणे येणे ही खेळाडूच्या दृष्टीने आयुष्यभराची संधी असते, कारण 2023-24 मध्ये जी लीगमध्ये पूर्ण हंगामाला सुमारे 40,000 डॉलर मिळत, तर एनबीएच्या दहा दिवसांच्या एका करारातही त्या रकमेशी तुलना करता येईल, किंबहुना तिच्याहून जास्त, पैसा मिळू शकतो. संलग्न संघाला खेळाडू गेल्याचे दुःख होत नाही, कारण खेळाडू घडवून वर पाठवणे हेच त्याचे काम आहे. कापितानेसची स्थिती मात्र वेगळी आहे. त्यांना तिकिटे विकायची असतात, शहराची निष्ठा मिळवायची असते आणि सामने जिंकायचे असतात. ज्या खेळाडूच्या नावावर लोक येतात, नेमका तोच डिसेंबरात निघून जातो.

दुहेरी कराराने ही अडचण आणखी वाढवली. कापितानेसच्या एखाद्या खेळाडूला एखाद्या एनबीए संघाने दुहेरी करार दिला, तर तो खेळाडू उरलेले सामने त्या एनबीए संघाच्या स्वतःच्या संलग्न संघाकडून खेळतो. म्हणजे कालपर्यंत मेक्सिकोच्या बाजूने उभा असलेला खेळाडू पुढच्या आठवड्यात समोरच्या बाजूला दिसू शकतो. शिवाय एनबीएचे संघ आपल्या सराव-शिबिरात काही खेळाडूंना असा करार देतात, की शिबिरानंतर संघातून वगळले गेले आणि खेळाडू संलग्न संघात गेला, तर त्याला ठरावीक बोनस मिळतो. इतर 30 संघांकडे चांगल्या खेळाडूंचा एक सततचा प्रवाह याच वाटेने येतो. ज्या संघाला पालकच नाही, त्याच्यासाठी ही वाट बंद असते. त्याला जी लीगचा ड्राफ्ट (म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत), अदलाबदली, खुल्या चाचण्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या ओळखी यांच्या बळावर संघ जुळवावा लागतो.

हे सगळे माहीत असूनही मेक्सिकोतल्या लोकांनी हा खटाटोप का केला, याचे उत्तर त्या देशातल्या बास्केटबॉलच्या जुन्या इतिहासात आहे. मेक्सिको म्हटले की आपल्याला फुटबॉल आणि मुष्टियुद्ध आठवते. प्रत्यक्षात बास्केटबॉलही तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुजलेला आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलचा समावेश पहिल्यांदा 1936 साली बर्लिनमध्ये झाला. तेव्हा सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर खेळवले गेले. मेक्सिकोने त्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली, तिथे अमेरिकेकडून 25-10 अशी हार पत्करली आणि मग पोलंडला 26-12 असे हरवून कांस्यपदक मिळवले. बास्केटबॉलमधले त्या देशाचे ते आजवरचे एकमेव ऑलिंपिक पदक आहे. आकडे आज लहान वाटतात, पण त्या काळी खेळाची गती इतकी मंद असे की अंतिम सामन्यात अमेरिकेनेही भर पावसात कॅनडाला 19-8 असेच हरवले होते.

ग्रामीण मेक्सिकोत तर या खेळाचे स्थान आणखी खोल आहे. वाहाका राज्याच्या डोंगराळ भागात फुटबॉलचे मैदान मावेल एवढी सपाट जागा मिळणे अवघड असते. चर्चसमोरच्या किंवा पंचायतीच्या चौकात सिमेंटचा एक कोर्ट मात्र बहुतेक गावांत असतो. झापोतेक, मिहे, त्रिकी अशा आदिवासी समाजांत गावच्या जत्रेला बास्केटबॉलची स्पर्धा ठरलेली असते आणि त्यात गावचे बँड पथकही सामील असते. 2013 साली त्रिकी समाजाच्या मुलांचा संघ अर्जेंटिनातल्या एका स्पर्धेत जिंकला आणि त्यांतली काही मुले अनवाणी खेळत असल्याची छायाचित्रे जगभर गेली. त्या बातम्यांत कौतुकाबरोबर बरेच भाबडेपणही होते. त्या भागात बास्केटबॉल हा सामाजिक जीवनाचा भाग किती पिढ्यांपासून आहे, हे सांगणारे वार्तांकन त्या मानाने थोडेच झाले, असे माझे मत आहे.

मग व्यावसायिक खेळ मागे का राहिला? पदक 1936 चे, आणि 1968 च्या ऑलिंपिकमध्ये यजमान या नात्याने मेक्सिकोने पाचवा क्रमांकही मिळवला, पण टिकाऊ अशी देशव्यापी व्यावसायिक स्पर्धा उभी राहायला 2000 साल उजाडावे लागले. त्या वर्षी राष्ट्रीय व्यावसायिक बास्केटबॉल लीग, म्हणजे तिथल्या आद्याक्षरांनी एलएनबीपी, सुरू झाली. पुढच्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या शहरांसाठी सिबाकोपा नावाची दुसरी स्पर्धा आली. एक शरद ऋतूत आणि दुसरी वसंतात होत असल्यामुळे अनेक खेळाडू वर्षात दोन्हीकडे खेळतात आणि पोट भरतात. या स्पर्धांमध्ये मोंतेर्रेचा फुएर्सा रेहिया, मेक्सिकालीचा सोलेस, हालापाचा हाल्कोनेस असे संघ लोकप्रिय झाले. या स्पर्धांचा पाया मात्र डळमळीत राहिला. संघ राज्य सरकारच्या किंवा एखाद्या उद्योजकाच्या मदतीवर चालत, मदत थांबली की गायब होत आणि दोन वर्षांनी दुसऱ्या नावाने परत येत. राष्ट्रीय संघाचीही हीच तऱ्हा होती. 1974 नंतर थेट 2014 मध्ये, म्हणजे 40 वर्षांनी, मेक्सिको विश्वचषकात परतला. तेही शक्य झाले ते आदल्या वर्षी काराकासमध्ये अमेरिका खंडाची स्पर्धा अनपेक्षितपणे जिंकल्यामुळे. त्या अंतिम सामन्यात त्यांनी पोर्तो रिकोला 91-89 असे दोन गुणांनी हरवले होते.

या काळात मेक्सिकोतून एनबीएपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. मानुएल रागा या विलक्षण उडी असलेल्या खेळाडूला अटलांटाच्या संघाने 1970 च्या ड्राफ्टमध्ये निवडले होते. अमेरिकेबाहेर खेळणाऱ्या परदेशी खेळाडूची अशी निवड होण्याचे ते अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक होते. रागा तेव्हा इटलीतल्या वारेसेच्या संघाशी करारबद्ध होता, अटलांटाला तो करार सोडवून घेण्याइतका पैसा उभा करता आला नाही आणि रागा एनबीएत कधीच खेळला नाही. पहिला मेक्सिकन खेळाडू एनबीएच्या कोर्टवर उतरला तो 1997 मध्ये, होरासिओ यामास, फिनिक्सकडून. त्यानंतर एदुआर्दो नाहेरा, गुस्तावो आयोन आणि होर्हे गुतिएरेझ आले. रागा ते यामास हे अंतर 27 वर्षांचे आहे.

दुसऱ्या बाजूने एनबीएची मेक्सिकोवर नजर बरीच आधीपासून होती. डिसेंबर 1997 मध्ये ह्यूस्टन आणि डॅलस यांच्यातला नियमित हंगामातला सामना मेक्सिको सिटीच्या पालासिओ दे लोस देपोर्तेस या सभागृहात झाला. 1968 च्या ऑलिंपिकमधले बास्केटबॉलही याच गोलाकार, तांब्याच्या छताच्या वास्तूत झाले होते. 2012 मध्ये शहराच्या उत्तरेला आस्कापोत्साल्को भागात 22,000 हून अधिक प्रेक्षक मावतील असे अरेना सियुदाद दे मेहिको हे आधुनिक सभागृह तयार झाले आणि एनबीएने तिकडे मोर्चा वळवला. डिसेंबर 2013 मध्ये तिथे सॅन अँटोनियो आणि मिनेसोटा यांचा सामना ठरला होता. विजेच्या जनरेटरमध्ये बिघाड होऊन सभागृहात धूर भरला आणि सामना रद्द करावा लागला. प्रतिष्ठेला बसलेला तो धक्का मोठा होता. तरीही पुढच्या वर्षी मिनेसोटा पुन्हा आले, ह्यूस्टनविरुद्ध खेळले आणि त्यानंतर महामारीची वर्षे सोडली तर एनबीएचे सामने तिथे होत राहिले.

या पार्श्वभूमीवर 2017 च्या शरद ऋतूत कापितानेस एलएनबीपीमध्ये उतरले. राजधानीत या स्पर्धेचा संघ असणे ही वास्तविक साधी गोष्ट असायला हवी होती. प्रत्यक्षात दोन कोटींहून अधिक वस्तीच्या या महानगरात व्यावसायिक बास्केटबॉल रुजवण्याचे आधीचे प्रयत्न टिकले नव्हते. नव्या संघाने घर म्हणून निवडले ते हुआन दे ला बारेरा हे 1968 च्या ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलसाठी बांधलेले, सुमारे 5,000 प्रेक्षकांचे व्यायामगृह. प्रशिक्षक म्हणून रामोन दियास या स्पॅनिश गृहस्थांना आणले गेले. संघबांधणी शिस्तीची होती आणि निकाल लगेच दिसला. पहिल्याच हंगामात कापितानेस अंतिम फेरीत पोहोचले आणि मेक्सिकालीच्या सोलेसकडून हरले. पुढच्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि या वेळी मोंतेर्रेच्या फुएर्सा रेहियाने त्यांना अडवले. दोन वर्षांत दोन उपविजेतेपदे ही नवख्या संघासाठी मोठी गोष्ट आहे. एनबीएच्या अधिकाऱ्यांनी मात्र गुणफलकाबरोबरच आणखी एक गोष्ट पाहिली असावी, असे मला वाटते. हा संघ वेळेवर पगार देणारा, नियोजनाने चालणारा आणि शहरात ओळख निर्माण करणारा होता, आणि त्या लीगमध्ये हे गुण दुर्मीळ होते.

12 डिसेंबर 2019 रोजी एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी मेक्सिको सिटीत जाहीर केले की कापितानेस 2020-21 पासून किमान पाच वर्षांसाठी जी लीगमध्ये खेळतील. अमेरिका आणि कॅनडा यांच्याबाहेरचा संघ या स्पर्धेत येण्याची ती पहिलीच वेळ होती. मराठी वाचकांना या घोषणेचा काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर 2019 मध्ये, सॅक्रॅमेंटो आणि इंडियाना यांच्यात मुंबईतल्या वरळीच्या डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले होते. दोन्ही घटना एकाच धोरणाच्या वेगवेगळ्या पायऱ्या होत्या. प्रदर्शनीय किंवा हंगामपूर्व सामने, प्रशिक्षण-प्रबोधिनी आणि नियमित हंगामातले सामने हे त्या धोरणाचे भाग आहेत. मुंबई त्या वाटेच्या सुरुवातीला होती. मेक्सिको सिटी त्या वाटेवर बरीच पुढे गेली होती आणि कायमस्वरूपी स्थानिक संघ ही त्यांच्या पुढची पायरी होती.

घोषणा झाली आणि तीन महिन्यांत महामारी आली. 2020-21 चा जी लीगचा हंगाम 2021 च्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहराजवळ एकाच बंदिस्त संकुलात, 18 संघांपुरता झाला आणि त्यात कापितानेस नव्हते. त्यांनी एलएनबीपी सोडली होती आणि नवी स्पर्धा सुरू झाली नव्हती, म्हणजे संघ असूनही खेळायला मैदान नाही अशी अवस्था झाली. 2021-22 मध्ये ते अखेर उतरले, पण सीमेपलीकडच्या प्रवासावरील निर्बंधांमुळे त्यांना घर म्हणून टेक्सासमधले फोर्ट वर्थ शहर धरावे लागले आणि आपले सर्व सामने अमेरिकेतच, प्रतिस्पर्धी संघांच्या मैदानांवर खेळावे लागले. त्या वर्षी त्यांचा सहभाग हंगामाच्या पहिल्या टप्प्यापुरताच होता. जी लीगचा हंगाम दोन भागांत असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक चषकाची स्पर्धा होते, मग सर्व संघांचे गुण पुन्हा शून्यावर येतात आणि मार्चअखेरपर्यंत मुख्य हंगाम चालतो. कापितानेसने पहिला भाग खेळला आणि थांबले. त्या छोट्या काळातही संघाने आपले काम केले. अल्फोन्सो मॅकिनी हा त्यांचा फॉरवर्ड डिसेंबर 2021 मध्ये शिकागोच्या संघाने बोलावून घेतला. मेक्सिकोच्या नावाने खेळणाऱ्या संघातून एनबीएपर्यंतचा रस्ता खरोखर चालू आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

नोव्हेंबर 2022 मध्ये कापितानेस अखेर घरी परतले, आणि या वेळी त्यांचे घर जुने व्यायामगृह नव्हते. आस्कापोत्साल्कोमधल्या त्याच भव्य अरेनामध्ये, रिओ ग्रांदे व्हॅलीच्या संघाविरुद्ध, जी लीगचा मेक्सिकोतला पहिला सामना झाला आणि यजमान जिंकले. जी लीगचे अनेक संघ दोन-तीन हजार आसनांच्या लहान सभागृहांत खेळतात, कारण शहर लहान असते आणि एनबीएचा मोठा भाऊ शेजारीच असतो. इथे हा संघच शहराचा मुख्य संघ होता. ओळखीच्या चेहऱ्यांची भरही पडली. केनेथ फॅरीड आणि जालील ओकाफोर हे एकेकाळी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडले गेलेले खेळाडू इथे आले. मोठ्या नावांचा उतरता काळ आणि तरुणांची चढती वाट एकाच ड्रेसिंग रूममध्ये भेटते, हे जी लीगचे नेहमीचे दृश्य आहे. मेक्सिकोत त्याला स्थानिक खेळाडूंची जोड मिळाली. ओर्लांदो मेंदेस-वाल्देस, फाबियान हाइमेस, गाएल बोनिया यांच्यासारखे मेक्सिकन खेळाडू अशा खेळाडूंच्या तोडीला उभे राहू लागले आणि जिथे पूर्वी केवळ प्रसारणावर दिसणारा दर्जा होता, तो त्यांना रोजच्या सरावात मिळू लागला.

आता मैदानावरच्या एका गोष्टीकडे वळतो, कारण तिच्याविना या संघाच्या निकालांचा अर्थ लागत नाही. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. एनबीएमध्ये सर्वांत उंचावरचे शहर म्हणून ओळखले जाणारे डेन्व्हर 1,600 मीटरवर आहे आणि तिथे जाणारे संघ श्वासाची तक्रार करतात. मेक्सिको सिटीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी होतो. बास्केटबॉलमध्ये काही सेकंदांचे वेगवान धावणे आणि मग थोडी उसंत असा क्रम सतत चालतो आणि त्या उसंतीत शरीर सावरायचे असते. उंचीवर ते सावरणे लांबते. पाहुण्या संघाचा वेग म्हणून चौथ्या सत्रात मंदावतो. सराव करून या हवेला सरावलेल्या खेळाडूंना याचा फायदा होतो, पण कापितानेसही निम्म्या हंगामात बाहेर प्रवास करतात आणि संघात दर महिन्याला नवा माणूस येत असतो, त्यामुळे हा फायदा कागदावर वाटतो तितका सरळ नाही.

प्रवास ही तर स्वतंत्र परीक्षा आहे. एनबीएचे संघ खासगी विमानाने फिरतात. जी लीगमध्ये बहुधा सामान्य प्रवासी विमान आणि बस यांवर भागवावे लागते. त्यात देशाची सीमा आली की खेळाडूंचे व्हिसा, सीमा-तपासणी, दोन देशांचे कर आणि दोन चलने आली. तिकिटे पेसोमध्ये विकायची आणि खेळाडूंचे पगार डॉलरमध्ये द्यायचे, हा गुंता कापितानेसला रोजचा आहे. पेसो घसरला की संघाचा खर्च आपोआप वाढतो आणि त्यावर संघाच्या कोणाचाही ताबा नसतो. म्हणून त्यांचा मुख्य आधार सामन्याचे तिकीट-उत्पन्न, प्रायोजक आणि स्थानिक गुंतवणूकदार हाच राहतो, आणि एखाद्या वर्षी प्रेक्षक कमी झाले तर भरून काढायला कोणी मोठा संघ पाठीशी नसतो.

पालक नसण्याचा अर्थ सर्वांत चांगला समजतो तो हुआन तोस्कानो-अँडरसनच्या प्रवासातून. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मेक्सिकन वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या या खेळाडूला महाविद्यालयानंतर एनबीएत जागा मिळाली नाही, म्हणून तो मेक्सिकोत आला. मेक्सिकाली, मोंतेर्रे अशा संघांकडून तो खेळला आणि तिथल्या लीगमध्ये त्याने आपला खेळ घडवला. पुढे तो एनबीएच्या गोल्डन स्टेट संघाकडे गेला आणि 2022 मध्ये त्या संघाबरोबर एनबीएचे विजेतेपद त्याने जिंकले. मेक्सिकन वंशाचा पहिला एनबीए विजेता म्हणून त्याचा गौरव झाला. 2023 मध्ये तो कापितानेसकडे आला तेव्हा देशात आनंद झाला. त्याच हंगामात सॅक्रॅमेंटोने त्याला बोलावून घेतले आणि तो निघून गेला. संघ म्हणून हे नुकसान होते आणि संघाच्या अस्तित्वाचे समर्थनही होते. हा विरोधाभास या संघाच्या बाबतीत कायमचा आहे आणि तो सुटणारा नाही, कारण तो लीगच्या नियमांतूनच आलेला आहे.

2024 मध्ये कापितानेसच्या जोडीचा एकमेव स्वतंत्र संघही उरला नाही. जी लीगने 2020 मध्ये इग्नाइट नावाचा एक खास संघ उभारला होता, ज्यात महाविद्यालयात न जाता थेट व्यावसायिक होऊ पाहणाऱ्या तरुणांना घेतले जाई. पंजाबचा प्रिन्सपाल सिंग याच संघाच्या पहिल्या हंगामात होता. पण अमेरिकी महाविद्यालयांत खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागल्यावर इग्नाइटची गरज संपली आणि तो बंद झाला. तिथला डिंक पेट हा तरुण खेळाडू 2024-25 मध्ये कापितानेसकडे आला. एनबीएला दहावीस संघांच्या शोधाशोधीत मिळणार नाही, अशी प्रतिभा एखाद्या वर्षी अनपेक्षितपणे मेक्सिकोत येऊ शकते, हे यातून दिसते.

मेक्सिको सिटीला कधी एनबीएचाच संघ मिळेल का, हा प्रश्न या सगळ्या चर्चेत वारंवार येतो. आकडे बघितले तर लोकसंख्येच्या मानाने हे महानगर अमेरिकेतल्या कोणत्याही शहराइतके मोठे आहे. 2022 मध्ये सॅन अँटोनियो-मायामी, 2023 मध्ये अटलांटा-ऑर्लँडो, 2024 मध्ये मायामी-वॉशिंग्टन आणि 2025 मध्ये डेट्रॉइट-डॅलस असे नियमित हंगामातले सामने तिथे झाले. तरीही विस्ताराची चर्चा अमेरिकेतल्या सिॲटल आणि लास व्हेगास या शहरांभोवती फिरते आहे. लोकसंख्या मोठी असली तरी दरडोई उत्पन्न आणि प्रसारण-हक्कांची किंमत यांतला फरक, दोन देशांचे कर, 82 सामन्यांच्या हंगामात उंचीवरचा सततचा ताण आणि खेळाडूंची तिथे राहण्याची तयारी या बाबी एकाच वेळी सोडवाव्या लागतील. माझ्या मते कापितानेसकडे फक्त मोठ्या संघाची चाचणी म्हणून पाहणे अन्यायाचे आहे, कारण चाचणी म्हणून पाहिले की तिचा निकाल हाच एक मुद्दा उरतो, आणि जो संघ प्रत्यक्षात खेळतो आहे, प्रेक्षक जमवतो आहे, तरुणांना पगार देतो आहे, तो नजरेआड होतो.

ज्या हुआन दे ला बारेरा व्यायामगृहातून कापितानेसने आपली वाटचाल सुरू केली होती, तेही रिकामे राहिले नाही. बेसबॉलमधल्या डिआब्लोस रोहोस या जुन्या संस्थेने 2024 मध्ये त्याच जागेत बास्केटबॉलचा संघ उभारला, एलएनबीपीत उतरवला आणि पहिल्याच हंगामात लीगचे विजेतेपद जिंकले. एका शहरात आता दोन व्यावसायिक बास्केटबॉल संघ आहेत. एकाला देशातल्या लीगमध्ये विजेतेपद मिळवायचे असते, दुसऱ्याला आपला खेळाडू कधीही निघून जाईल हे माहीत असूनही पुढचा सामना जिंकायचा असतो.